धामकाठचे प्रवरपूर : स्थळ, रीती आणि वाङ्मयेतिहास

१

मराठी वाङ्मयेतिहासात गावे येतात ती बहुधा नदीसह येतात. पैठण-गोदावरी, आळंदी-इंद्रायणी, पंढरपूर-भीमा या जोड्या आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, गाव, नदी, ग्रंथकार आणि परंपरा यांचे नाते स्वयंसिद्ध आहे असे आपण गृहीत धरून चालतो. या गावांतून परंपरा अखंड वाहत आली आहे आणि आपण तिचे वारसदार आहोत, असा या गृहीताचा अर्थ असतो. अशा गावांच्या बाबतीत हे गृहीत तपासण्याची वेळ सहसा येत नाही. एकनाथांचे पैठण कोणते, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

विदर्भातील एका नदीकाठच्या गावाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारावा लागतो. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी असलेले पवनार हे ते गाव. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने वसविलेली प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच हे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य याच राजाच्या नावावर आहे. म्हणजे मराठीची पूर्वज मानल्या गेलेल्या भाषेतील एक श्रेष्ठ महाकाव्य, विदर्भातील एक राजधानी, आणि ज्या प्रदेशाच्या नावाने काव्यशास्त्राने आपली सर्वांत गौरविलेली रीती ओळखली तो प्रदेश, या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. असे असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पवनारला साहित्यस्थळ म्हणून स्थान नाही. ते का नाही, आणि द्यायचे झाल्यास कोणत्या निकषावर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम स्थळाविषयी. वाकाटकांच्या मुख्य शाखेची आधीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. मुलगे अल्पवयीन असताना राज्यकारभार पाहणारी प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचा पुण्यात उपलब्ध झालेला ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. प्रवरसेनाच्या कारकिर्दीत हे चित्र बदलते. त्याच्या अठराव्या राज्यवर्षातील चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून दिलेला आहे. आजच्या अमरावती जिल्ह्यातील चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात केव्हातरी राजाने आपल्या नावाची नवी नगरी वसविली आणि राजशासन तेथून निघू लागले, एवढे निश्चित म्हणता येते.

ही नगरी कोठे होती, याचे उत्तर ताम्रपट देत नाहीत. मिराशींनी नामसादृश्य, परिसरातील अवशेष आणि पवनारला सापडलेली शिल्पे यांच्या आधारे आपले मत मांडले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या ग्रंथामुळे ते मराठी वाचकांपर्यंतही पोहोचले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये पवनारला उत्खनन केले. तेथील वस्ती प्राचीन असल्याचे त्यातून सिद्ध झाले.

पुढे रामटेकजवळच्या मनसर येथे झालेल्या उत्खननांमुळे प्रश्न पुन्हा खुला झाला. तेथे उजेडात आलेले भव्य वास्तुसंकुल आणि ‘प्रवरेश्वर’ या नावाशी निगडित मुद्रा यांच्या आधारे हान्स बेकर यांनी प्रवरपूर मनसरला असावे असे मत मांडले. हा वाद पुरातत्त्वाच्या अंगाने कोठे जाईल हे पुरातत्त्वज्ञांनी ठरवावे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. काव्य आणि राजा यांचा संबंध स्थिर राहूनही काव्याचे गाव एका नदीकाठावरून उचलून एका टेकडीच्या पायथ्याशी नेता येते, आणि असे नेल्याने काव्याच्या एकाही ओळीचा अर्थ बदलत नाही.

लोकस्मृतीची साक्षही येथे लक्षात घेण्यासारखी आहे. पवनारच्या परिसरात सांगितली जाते ती कथा पवन राजाची. त्याच्याजवळ परीस होता, शेतकरी साऱ्याच्या रूपाने नांगराचे लोखंडी फाळ आणून देत आणि राजा त्यांचे सोने करी, असा तिचा आशय. गावाच्या नावाचा उलगडा लोकांनी आपल्यापुरता असा करून घेतला. त्यात प्रवरसेन नाही, वाकाटक नाहीत, काव्यही नाही. सेतुबंधाचा कर्ता पवनारला ज्ञात झाला तो विसाव्या शतकात, आणि तो संशोधकांच्या ग्रंथांतून. पैठणला एकनाथ जसे गावाच्या आतून आले तसा प्रवरसेन पवनारला आलेला नाही.

३

कर्तृत्वाचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. बाणभट्ट हर्षचरिताच्या प्रारंभी प्रवरसेनाच्या कीर्तीचा उल्लेख करतो आणि सेतूने ती समुद्रापलीकडे नेली असे सुचवितो. मात्र हा प्रवरसेन कोणता, हे तो सांगत नाही. कल्हणाच्या राजतरंगिणीत आणखी एक प्रवरसेन भेटतो. तो काश्मीरचा राजा. त्याने वितस्तेच्या काठी प्रवरपूर नावाचेच नगर वसविले, तेच पुढचे श्रीनगर. त्याने त्या नदीवर नावांचा सेतू बांधल्याचेही कल्हण सांगतो. राजाचे नाव, नगराचे नाव, नदी आणि सेतू असे सारेच जुळल्यामुळे काही जुन्या अभ्यासकांनी काव्याचे कर्तृत्व या काश्मिरी राजाकडे दिले होते. आता ते वाकाटक प्रवरसेनाकडे देण्याकडेच अभ्यासकांचा कल आहे. तिसरे मत टीकाकार रामदास याचे. अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, त्याने या काव्यावर ‘रामसेतुप्रदीप’ ही टीका लिहिली, आणि विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासाने प्रवरसेनासाठी हे काव्य रचले अशी परंपरा नोंदविली.

या तीन मतांकडे केवळ खरेखोटेपणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील एक उरते आणि दोन गळतात. ग्रहणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिन्ही महत्त्वाची ठरतात. प्रत्येक मतामागे आपल्याला हवे ते स्थळ काव्यास मिळवून देण्याची एक प्रेरणा आहे. काश्मीरच्या बाजूने बोलणाऱ्यांना वितस्तेवरचा सेतू दिसतो. रामदासाला उज्जयिनीच्या वलयाचा मोह पडतो. मिराशींनी तर शैव राजाने रामकथा निवडण्यामागे त्याच्या वैष्णव मातेचा प्रभाव शोधला आणि पवनारच्या शिल्पांचा संबंध तिच्या इच्छेने उभारलेल्या राममंदिराशी जोडला. मिराशींची संगती सर्वांत अधिक पुराव्यांवर उभी आहे, यात शंका नाही. तरीही ती चरित्रात्मक संगती आहे. प्रवरसेनाने रामकथा का घेतली याचे एक उत्तर ती देते, त्या कथेचे काव्य कसे झाले याचे देत नाही.

४

हे काव्य कसे झाले याकडे वळले की स्थळाचा प्रश्न निराळ्याच रूपात समोर येतो. सेतुबंधाचे १५ आश्वास आहेत आणि त्यातील बहुतांश रचना स्कंधक छंदात आहे. ‘रावणवहो’ हे त्याचे दुसरे नाव. शरदाच्या वर्णनाने आरंभलेले हे काव्य समुद्राच्या दर्शनाशी येते आणि मग दीर्घकाळ समुद्रापाशीच थांबते. वानर पर्वत उपटून आणतात, ते पाण्यात टाकतात, समुद्र ढवळून निघतो, तरी सेतू होत नाही. शेवटी नलाच्या हातून तो सिद्ध होतो. कथानकात एका कृतीपुरते असलेले हे प्रकरण कवीने काव्याचा गाभा केले आहे.

आता ज्या राजधानीत हे काव्य घडले असे आपण म्हणतो ती कोठे होती हे पाहावे. धाम ही लहान नदी. तिचे पाणी वेणा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशा क्रमाने बंगालच्या उपसागरास मिळते. पवनार असो की मनसर, समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. म्हणजे प्राकृत काव्यातील बहुधा सर्वांत विस्तृत समुद्रवर्णन समुद्र नसलेल्या प्रदेशात निर्माण झाले. कवीने समुद्र पाहिला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. त्याचा समुद्र रामायणातून, पूर्वकाव्यांतून आणि कल्पनाशक्तीतून आलेला आहे. उलट, जिच्या काठी तो राहिला असेल त्या नदीची ओळख पटावी असे या काव्यात काही नाही. स्थळ आणि काव्य यांच्यात कार्यकारणाचा सरळ दोरा शोधणाऱ्याची येथे निराशा होते.

ही निराशा आपल्या जुन्या काव्यशास्त्रकारांना अपेक्षित होती, असे म्हणावे लागते. वैदर्भी रीतीची चर्चा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. वैदर्भ आणि गौडीय असा भेद करणे म्हणजे गतानुगतिकता होय, अशी भामहाची भूमिका आहे. दंडी हा भेद स्वीकारतो आणि दहा गुणांना वैदर्भ मार्गाचे प्राण मानतो. महाराष्ट्राच्या भाषेला श्रेष्ठ प्राकृत ठरवून त्याच्या पुराव्यादाखल सेतुबंधाकडे निर्देश करणारा आचार्यही हाच. वामन रीतीला काव्याचा आत्मा म्हणतो, पण वैदर्भी हे नाव का, याचा खुलासा करताना तो सावध आहे. ही रीती विदर्भातील कवींत आढळली म्हणून ते नाव पडले, देशामुळे काव्यात कसलीही भर पडत नाही, असे त्याचे म्हणणे. कुंतक याही पुढे जातो. मामाच्या मुलीशी लग्न करणे हा जसा काही प्रदेशांचा देशधर्म असतो तसा काव्यरचनेचा देशधर्म असू शकत नाही, असा दृष्टांत देऊन तो प्रादेशिक नावेच नाकारतो आणि सुकुमार, विचित्र व मध्यम असे तीन मार्ग कविस्वभावाच्या आधारे मांडतो. गंमत अशी की, सुकुमार मार्गाची उदाहरणे देताना तो कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतो. सर्वसेन हा वत्सगुल्माचा, म्हणजे आजच्या वाशीमचा वाकाटक राजा. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, अलंकारग्रंथांतील अवतरणांतूनच ते आपल्याला माहीत आहे. प्रदेशाचे नाव पुसून टाकणाऱ्या कुंतकालाही विदर्भातील कवी टाळता आला नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. दंडी दक्षिणेचा, वामन, आनंदवर्धन आणि कुंतक काश्मीरचे. वत्सगुल्म येथे काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावणारा राजशेखर आपल्या घराण्याचा संबंध महाराष्ट्राशी सांगत असला, तरी त्याचे कर्तृत्व घडले कनोजच्या दरबारात. वैदर्भी ही संकल्पना घडविणाऱ्या या आचार्यांपैकी कोणीही विदर्भात बसून लिहीत नव्हता. विदर्भ हे साहित्यस्थळ झाले ते दूरच्या वाचकांच्या नामकरणाने. आनंदवर्धन तर सेतुबंधातला एक नेमका प्रसंग निवडतो. रामाचे मायावी शिर पाहून सीता विव्हल होते तो हा प्रसंग. रसाने भारलेल्या कवीला अलंकारांसाठी निराळा प्रयत्न करावा लागत नाही, ते आपणहून पुढे येतात, हा सिद्धांत मांडताना तो बाणाच्या कादंबरीबरोबर या प्रसंगाचा दाखला देतो. काश्मीरमधील या वाचकाने प्रवरपुराचे नावही घेतलेले नाही. पण सेतुबंधाला साहित्यविचारात जे स्थान आहे ते अशा वाचनांनी दिलेले आहे.

हा प्रवास येथेच थांबत नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस कंबोडियात राज्य करू लागलेल्या यशोवर्मा राजाच्या संस्कृत शिलालेखात प्रवरसेनाच्या सेतूचा श्लेषयुक्त उल्लेख आहे. आधुनिक काळात या काव्याची पहिली चिकित्सक आवृत्ती निघाली ती स्ट्रासबूर्ग येथे. सीगफ्रीड गोल्डश्मिट यांनी १८८० ते १८८४ या काळात मूळ प्राकृत आणि जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. इल नदीच्या काठचे हे जुने गाव आज फ्रान्समध्ये आहे. १८७१ ते १९१८ या काळात ते जर्मन साम्राज्यात होते, आणि तेथील विद्यापीठ त्या साम्राज्याने १८७२ मध्ये नव्याने उभारले होते. मुंबईच्या निर्णयसागरने काव्यमालेत रामदासाच्या टीकेसह सेतुबंध छापला तो १८९५ मध्ये. ज्या गावाची स्वतःची राष्ट्रीय ओळख दोनदा बदलली त्या गावातून विदर्भातील काव्याचे पुनरागमन व्हावे, यात काव्य आणि स्थळ यांच्या नात्याचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

५

मग मराठीचा या सर्वांशी संबंध काय? ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथाने १९२० मध्ये महाराष्ट्री आणि मराठी यांच्या नात्याची भाषाशास्त्रीय मांडणी केली. वा. गो. परांजपे यांच्या अनुवादामुळे १९४१ पासून ती मराठीतही उपलब्ध आहे. भाषेच्या इतिहासाने हे नाते मान्य केले, पण वाङ्मयाच्या इतिहासाने ते स्वीकारले नाही. आपला वाङ्मयेतिहास विवेकसिंधू, लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांच्यापासून सुरू होतो. त्यापूर्वीचे जे आहे ते ‘पार्श्वभूमी’ या प्रकरणात दोन-चार परिच्छेदांत आटोपते. संस्कृतच्या अभ्यासकाला सेतुबंध प्राकृत म्हणून दूरचा वाटतो, प्राकृताचा अभ्यास बव्हंशी जैन वाङ्मयाभोवती फिरतो, आणि मराठीच्या अभ्यासकाला तो आपला वाटत नाही. तिन्ही घरचा पाहुणा उपाशी राहावा तशी या काव्याची अवस्था झाली आहे.

या उपेक्षेची भरपाई करण्याचा एक सोपा मार्ग प्रादेशिक अभिमानाचा आहे. प्रवरपूर विदर्भात, वैदर्भी विदर्भाची, महाराष्ट्री मराठीची आई, तेव्हा सेतुबंध हे आमचेच, अशी ही साखळी. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या संकल्पनेचा आधार घेऊनही अशी मांडणी कोणी करू शकेल. परंतु सेतुबंध देशी म्हणावा असा ग्रंथ आहे काय? त्याचे प्राकृत हे लोकांच्या तोंडचे प्राकृत नव्हे. ते दरबारात घडलेले, व्याकरणबद्ध आणि समासप्रचुर असे काव्यप्राकृत आहे. ज्या राजाच्या नावावर ते आहे त्याची दानशासने संस्कृतात आहेत. वत्सगुल्म शाखेच्या वाशीम ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात अशी विभागणी दिसते. प्रवरसेनाकडे तीही उरलेली नाही. शासनासाठी संस्कृत आणि काव्यासाठी महाराष्ट्री, असा भाषांचा श्रमविभाग येथे आहे. म्हणजे महाराष्ट्रीची निवड ही मातृभाषेची निवड नसून एका वाङ्मयीन संकेताची निवड आहे. ‘देशी’ आणि ‘मार्गी’ या दोन कप्प्यांपैकी एकातही हे काव्य सुखाने बसत नाही.

गणेश देवी यांनी ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ (१९९२) या ग्रंथात भारतीय भाषांतील समीक्षेला वसाहतकाळात झालेल्या विस्मृतीची मीमांसा केली. ती अनेक ठिकाणी लागू पडते. सेतुबंधाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे. पवन राजाची कथा सांगणारे पवनार प्रवरसेनाला वसाहतकाळापूर्वीच विसरले होते, आणि त्याचे काव्य परत हाती आले ते त्याच काळातील भाषाविज्ञानाच्या उद्योगातून. याचा अर्थ वसाहतवादाचे समर्थन करावे असा नव्हे. विस्मृतीची कारणे एकच एक नसतात आणि परंपरा नेहमी आपल्याच घरात जपून ठेवलेली असते असेही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

६

पवनारची म्हणून जी सांस्कृतिक परंपरा आज दिसते ती धामच्या काठी विनोबांनी नव्याने सुरू केलेली आहे. १९३८ मध्ये ते येथे राहावयास आले. नदीपलीकडच्या या जागेला त्यांनी ‘परंधाम’ म्हटले. धामच्या पलीकडचे आणि श्रेष्ठ धाम, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात सामावतात. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहाला त्यांनी पवनारहून प्रारंभ केला, १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे येथे धाममध्ये विसर्जन झाले आणि १९५९ मध्ये विनोबांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांचे देहावसान झाले ते याच ठिकाणी.

आश्रमाच्या जागेत खोदकाम करताना जुनी शिल्पे मिळाली. त्यांपैकी एका शिल्पात विनोबांना राम-भरताची भेट दिसली. तिला प्रसाद मानून त्यांनी ती पूजेत आणली, आणि आश्रमाचे भरत-राम मंदिर त्यातून उभे राहिले. मिराशींनी याच शिल्पसमूहात वाकाटककालीन राममंदिराचे अवशेष पाहिले. प्रत्येक शिल्पाच्या ओळखीवर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु एकच दगड एकाला इतिहासाचा पुरावा वाटावा आणि दुसऱ्याला भक्तीचा संकेत, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असावयास हवी. दोघांनीही तो वाचला. मिराशींच्या वाचनातून प्रवरपूर उभे राहिले आणि विनोबांच्या वाचनातून आजचे पवनार. या दोहोंमध्ये सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे आणि त्या अंतरात अखंड वाहणारे असे काही दाखविता येत नाही. तरीही ही परंपराच आहे. ती वारशाने मिळालेली नसून वाचनाने मिळविलेली आहे, एवढाच फरक.

हा निकष मान्य केला तर वाङ्मयेतिहासापुढचा पेच काहीसा सुटतो. सेतुबंध आपल्या भूमीत घडले म्हणून आपले, हा दावा मनसरच्या एखाद्या नव्या मुद्रेने किंवा पवनारच्या एखाद्या नव्या खड्ड्याने डळमळू शकतो. सेतुबंध आपण वाचले, त्याच्या भाषेशी आपल्या भाषेचे नाते तपासले, आनंदवर्धनाने निवडलेल्या प्रसंगाशी आपल्या काव्यविचाराने झुंज दिली, म्हणून ते आपले, हा दावा कोणत्याही उत्खननाने बाधित होत नाही. मात्र तो करावयाचा तर आधी वाचावे लागेल. विदर्भातील विद्यापीठांच्या मराठी विभागांनी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासपत्रिकेत विवेकसिंधूच्या आधी सेतुबंधाचा एक आश्वास, मूळ प्राकृत आणि मराठी अर्थ यांसह, ठेवावा, आणि त्याच्या शेजारी वामन व कुंतक यांची रीतिविषयक भूमिका ठेवावी. विद्यार्थ्याला प्रवरपूर कोठे होते हे निश्चित सांगता येणार नाही. वैदर्भी म्हणजे काय, हे मात्र त्याला एका प्रत्यक्ष काव्याच्या आधारे सांगता येईल. आज ते आपल्याला व्याख्येपलीकडे सांगता येत नाही.